'डिनॉमिनेशन'ला मराठीत काय म्हणायचं?

कोरीपाटी: ख्रिस्ती धर्मातल्या डिनॉमिनेशनांचं, म्हणजे कॅथोलिक, मेथडिस्ट अशा वेगवेगळ्या नावांच्या चर्चांचं, पुढे काय होणार, यावरचा एक लेख मराठीत आणतेय. मी सगळीकडे 'पंथ' लिहिलं. मसुदा दोघांना वाचायला दिला. कॅथोलिक गृहस्थांनी पहिल्याच पानावर काट मारली : "आम्ही पंथ नाही, ख्रिस्तसभा आहोत. पंथ आमच्यातून निघाले." दुसऱ्या बाई मेथडिस्ट, त्यांनाही 'पंथ' खटकला, कारण त्यात फुटून निघाल्याचा वास येतो. 'संप्रदाय' करू का? सोमवारी मजकूर द्यायचाय.

ओळंबा: संप्रदायच करा. सम् + प्र + दा, म्हणजे हातोहात पुढे दिलेलं. पंथ म्हणजे वाट, आणि वाट कुणीही नवी पाडू शकतो. रोमन कॅथोलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरेवर उभे आहेत, ते संप्रदाय. १५१७मध्ये ल्यूथरने रोमच्या चर्चला विरोध केला, त्याच्या मागून जे निघाले ते पंथ.

नदीकाठ: फोड सुरेख आहे, पण वापर तसा नाही. वारकरी पंथ आणि वारकरी संप्रदाय आपण एकाच दमात म्हणतो. आणि 'सांप्रदायिक' म्हटलं की हल्ली लोकांना दंगल आठवते.

ओळंबा: ती हिंदीची सावली. मराठीत दंगल 'जातीय' असते आणि भजन 'सांप्रदायिक'. हिंदी वर्तमानपत्रांच्या धाकाने आपला शब्द का सोडायचा?

सांजवात: मी ख्रिस्ती घरातली, नगर जिल्ह्यातली. यातला एकही शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. सोयरीक जमवताना आजी एवढंच विचारायची, "कुठल्या मिशनचे?" अमेरिकन मिशनचे की एसपीजी या इंग्रजांच्या मिशनचे. मिशनऱ्यांनी मुलूख वाटून घेतले होते. नगरकडे अमेरिकन मराठी मिशन म्हणून आम्ही काँग्रिगेशनल, कोल्हापूरकडे प्रेसबिटेरियन मिशन म्हणून तिकडचे प्रेसबिटेरियन. एसपीजी अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतलं, तेही नगरमध्येच, म्हणून तर आजीला विचारावं लागे. बिशप असावा की नसावा यावर विचार करून आमच्या पणजोबांनी काही निवडलं नव्हतं. जे मिशन आधी गावात आलं, त्याचे ते झाले.

नदीकाठ: मग १९७०नंतर काय झालं? २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं ना?

सांजवात: झालं. थोरल्या भावाचा बाप्तिस्म्याचा दाखला त्याच्या आधीचा, माझा नंतरचा. देऊळ तेच, पाळकसाहेबांची तिरकी सही तीच, फक्त माथ्यावरचं नाव बदललं. आणि आजीचा प्रश्न? "कुठल्या मिशनचे?" तिच्या शेवटच्या वर्षापर्यंत तोच.

तिसरीघंटा: त्या ऐक्याच्या वाटाघाटीत वर्षानुवर्षं असलेली दक्षिण आशियातली मेथडिस्ट मंडळी ऐन वेळी बाहेर राहिली, हेही सांगायला हवं. म्हणून त्या बाईंचं खटकणं मला समजतं. 'फुटलेले' हे ऐकून घ्यायला कुणाला आवडेल?

मूळ शब्दाबद्दल थोडं. त्यात लॅटिन 'नोमेन' आहे, म्हणजे आपलं नाव. डिनॉमिनेशन म्हणजे नाव देणं. आणि बरीचशी नावं विरोधकांनी ठेवलेली आहेत : ल्यूथरन, क्वेकर, मेथडिस्ट, तिन्ही मुळात हिणवण्याचे शब्द. आधी लोकांनी नावं ठेवली, मग त्यांनी तीच मानाने लावली. चर्चच्या लोकसमूहाला आपण 'मंडळी' म्हणतोच, मग 'नामधारक मंडळी' कसं वाटतं?

ओळंबा: 'नामधारी' शेजारीच उभा आहे. नावापुरते ख्रिस्ती, असा अर्थ होईल. नको.

सांजवात: आणि नाव नको म्हणणारे आमच्यात कमी नव्हते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३मध्ये इंग्लंडमध्ये अँग्लिकन पद्धतीने झाला, पण त्या एका चर्चच्या चौकटीत मावल्या नाहीत. टिळकांनी, म्हणजे ना. वा. टिळकांनी, १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, सगळे ख्रिस्तभक्त त्यात यावेत म्हणून. १९१९मध्ये ते गेले. आज कुणी 'आता डिनॉमिनेशनांचे दिवस संपले' म्हणालं की मला दरबार आठवतो आणि वाईट वाटतं.

नदीकाठ: पण आता तर तेच चाललंय. माझा भाचा जातो त्या फेलोशिपला कुठलंच डिनॉमिनेशन नाही. याला तरी काय म्हणणार? 'पंथनिरपेक्ष' म्हणावं तर हिंदी राज्यघटनेच्या उद्देशिकेत तो शब्द वेगळ्याच अर्थाने बसलाय.

तिसरीघंटा: स्वतंत्र मंडळी. रूढ आहे, सोपं आहे. पण त्या फेलोशिपला पाटी आहे ना? लहानपणी बाप्तिस्मा झालेल्यांना तिथे पुन्हा पाण्यात उतरवतात का? तसं असेल तर तो ठाम सिद्धांत झाला, आणि सिद्धांत अधिक पाटी म्हणजे डिनॉमिनेशनच.

नदीकाठ: उतरवतात. भाच्याला उतरवलं. बहीण दोन दिवस जेवली नाही. "मी केलेला बाप्तिस्मा खोटा होता का?" एवढंच म्हणत होती.

ओळंबा: 'पुनर्बाप्तिस्मा' हा शब्द अशा फेलोशिपवाल्यांना चालत नाही, कारण त्यांच्या मते पहिला झालाच नाही.

सांजवात: माझ्या आईला तो कुठल्याच नावाने चालला नसता. तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा.

कोरीपाटी: सगळ्यांचे आभार, पण पंथ की संप्रदाय?

ओळंबा: संप्रदाय.

तिसरीघंटा: डिनॉमिनेशनच ठेवा. 'बाप्तिस्मा' नाही का पचला मराठीला?

सांजवात: आत्ता पेटीतून आजीचा स्वतःचा दाखला काढला. घड्यांवर फाटलाय. 'मंडळी' छापलंय, पुढे रेघ, आणि रेघेवर शाईने गावाचं नाव. मिशनचं नाव कुठेच नाही.