आईबाबांच्या मागे भावाचं काय? मृत्युपत्र पुरेल की ट्रस्ट करावा?

ओवी७८
नमस्कार मंडळी, विषय घरातला आहे पण कुणाला विचारावं कळत नाहीये म्हणून इथे लिहितेय. बाबा ७६, आई ७१, कोथरूडला फ्लॅट आहे तो बाबांच्या एकट्याच्या नावावर, वाईजवळ गावाला दीड एकर वडिलोपार्जित जमीन, थोड्या एफड्या. आम्ही दोघंच, मी आणि धाकटा भाऊ. तो ३८ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता आहे, आंघोळ-जेवण स्वतःचं स्वतः करतो पण दहाची आणि पाचशेची नोट त्याला सारखीच.

परवा बाबांनी कपाटातून पिवळी फाइल काढली आणि रेघांच्या कागदावर स्वतः लिहिलेलं इच्छापत्र दाखवलं (मृत्युपत्र म्हणायचं नाही अशी सक्त ताकीद आहे). सगळं मला, आणि शेवटी एक ओळ, "ती भावाला अंतर देणार नाही याची मला खात्री आहे." खाली बाबांची सही आणि साक्षीदार म्हणून फक्त आई. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात नॉमिनी तूच आहेस ना, मग कसली काळजी. ती ओळ वाचून मला रडू आलं पण रात्री झोपही नाही आली, उद्या मलाच काही झालं तर? असं चालतं का की ट्रस्ट वगैरे करावा लागतो?

जुना_कारकून
ओवीताई, दस्त नोंदणीच्या टेबलावर बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो, तो कागद आहे तसा कोर्टात टिकणार नाही. हाताने लिहिलेला चालतो, साध्या कागदावर चालतो, स्टँप लागतच नाही, पण साक्षीदार दोन पाहिजेत म्हणजे पाहिजेतच, आणि बाबांनी सही करताना दोघांनी बघितलं पाहिजे किंवा बाबांनी त्यांना "ही माझीच सही" असं सांगितलं पाहिजे. ज्याला मिळकत मिळणार तो साक्षीदार नको, आपल्या हिंदूंना तसं सांगणारं कलम थेट लागू नाही हे खरं, पण भांडण झालं की समोरचा वकील पहिलं तिथेच बोट ठेवतो. साक्षीदार बाबांपेक्षा बरेच तरुण बघा, आमच्याकडे असे किती कागद आले ज्यांचे दोन्ही साक्षीदार आधीच गेलेले. नोंदणी सक्तीची नाही, फी शंभर रुपये, करूनच टाका. सोबत बाबा पूर्ण भानावर असल्याचा डॉक्टरचा त्याच तारखेचा दाखला.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सेक्रेटरींना सांगा. २०१९ च्या दुरुस्तीपासून सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, मालकी ठरते ती वारसाहक्काने नाहीतर मृत्युपत्राने. शेअर्सचंही तेच, कालनिर्णयच्या साळगावकरांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये ते स्पष्ट केलंय.

वाईची जमीन वडिलोपार्जित असेल तर बाबा फक्त स्वतःच्या हिश्श्याचं लिहू शकतात, तुमचा आणि भावाचा हिस्सा जन्मानेच आहे. आणि एक विचारू का, सगळं मुलीला लिहिताना तुमच्या आईला कुठे ठेवलंय? आई हयात असेपर्यंत फ्लॅटमध्ये राहण्याचा हक्क लिहून घ्या. मुलगी चांगली आहे म्हणून ही ओळ राहून जाते, नेहमी.

बापू_सातारकर
एवढा खटाटोप कशाला, बाबा आहेत तोवर बक्षीसपत्र करून घ्या मुलीच्या नावाने, स्टँप फक्त २०० रुपये.

जुना_कारकून
बापू, २०० च्या वर फ्लॅटच्या किमतीवर टक्केवारीने अधिभार वेगळा लागतो. आणि मृत्युपत्र बाबा उद्या फाडून नवं करू शकतात, बक्षीसपत्राचं तसं नाही. ७६ व्या वर्षी माणसाने राहतं घर हातातून सोडू नये बुवा.

अर्णवची_आई
ओवी, मी तुझ्या आईच्या जागी आहे, माझा मुलगा २७ चा. म्हणून जरा स्पष्ट बोलते, रागावू नकोस. बाबांची ती ओळ म्हणजे विश्वास, ट्रस्ट नव्हे. सगळं तुझ्या नावावर आलं आणि तू भावाच्या आधी गेलीस तर ते तुझ्या नवऱ्याला आणि मुलांना जाणार, भावाचा नंबरच लागत नाही. आमच्याच नात्यात झालंय हे. मामांनी सगळं मोठ्या मुलाला दिलं, बहिणीला सांभाळ म्हणून, तो पोटच्या पोरीसारखं सांभाळायचा आणि ५२ व्या वर्षी हार्ट ॲटॅकने गेला. वहिनी वाईट नाही हो, पण तिला स्वतःची दोन मुलं, कर्ज, आणि कागदावर नणंदेचं काहीच नाही, मागायचं कुणी आणि कशाच्या जोरावर?

उलट भावाच्या थेट नावावर केलं तर त्याला सही करता येत नाही, बँकेपासून सगळं अडतं. म्हणून आम्ही मधला मार्ग काढला, आत्ताच वीस हजार टाकून छोटा खाजगी ट्रस्ट केला, पॅन काढला, खातं उघडलं, आणि मृत्युपत्रात लिहिलं की फ्लॅट आणि एफड्या त्या ट्रस्टला. ट्रस्टी (ट्रस्टचा कारभार बघणारे) तिघं आहेत, मुलगी, माझा चुलतभाऊ आणि आमच्या पालक ग्रुपमधली एक मैत्रीण. मुलगी एकटीच ट्रस्टी असती तर तिला हिशोब विचारणारं कुणी नसतं, आणि तिलाही तेच ओझं झालं असतं. अर्णवच्या मागे उरेल ते कुणाला, हेही ट्रस्टच्या डीडमध्ये (दस्तात) आहे. फक्त फ्लॅट टाकून भागत नाही, मेंटेनन्स, केअरटेकर, औषधं याला महिन्याचे पैसे कुठून येणार ते बघा. शेतजमीन मात्र ट्रस्टमध्ये घालू नका, कूळ कायद्याची भानगड मागे लागते.

पालकत्व वेगळं हं. नॅशनल ट्रस्टच्या (ही सरकारी संस्था, वरचा खाजगी ट्रस्ट नव्हे) १९९९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे स्थानिक समिती असते, अठरानंतरचं कायदेशीर पालकत्व ती देते. आईबाबा आहेत तोवर अर्ज करा. आणि बाबा सरकारी नोकरीत होते का? असतील तर भावाला आईबाबांच्या मागे आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळू शकते.

ओवी७८
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबा झेडपीच्या शाळेत होते. काल अर्णवच्या आईंचा प्रतिसाद त्यांना मोठ्याने वाचून दाखवला, मामांचं वाचताना ते गप्पच झाले, मग म्हणाले "ती ओळ खोडू नकोस, बाकी सगळं बदल." आईच्या राहण्याचं विचारल्यावर आईच म्हणाली, "मला कोण काढतंय?" पण लिहून घेतोय.

बाबांचा पीपीओ (पेन्शनचा आदेश) काढून बघितला, भावाचं नावच नाहीये त्यात. त्याचं युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आहे, पण पेन्शनसाठी सिव्हिल सर्जनचं वेगळं सर्टिफिकेट लागतं असं ऐकलं. पुण्यात अलीकडे कुणी काढलंय का? भावाला रांगेत दोन तास बसवणं अवघड आहे, सकाळी किती वाजता गेलेलं बरं?