मदत हवी आहे: डेमोत घूंऽऽ येतंय, लवकर सांगा

खाडीकाठी: नवीन गाण्यांचे डेमो करतोय. गाताना काही नाही, ऐकायला बसलो की मागे सतत घूंऽऽ. सगळं करून बघितलं. नॉइज रिडक्शन लावलं तर माझाच आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. शनिवारी फाइल मुंबईला पाठवायचीय. कृपया 'गुगल करा' सांगू नका.

वायरमन: 'सगळं' म्हणजे काय? माइक कुठला, कशाला जोडलाय? लॅपटॉप चार्जिंगवर असतो का?

फणसगर: पावसात पत्र्याखाली गाणी रेकार्ड करतंस? मेल्या, बेडूक पण कोरसात येतले!

खाडीकाठी: पत्रा नाही, कौलं आहेत. वेंगुर्ला. पाऊस थांबल्यावरच करतो. माइक कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा नाजूक प्रकार), यूएसबी इंटरफेसला, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याला. चार्जर लावलेलाच असणार ना, बॅटरी कुठे टिकते?

सुरंगी: कंडेन्सर आपल्याकडच्या दमट हवेचा नाहीच. डायनॅमिक (दणकट, साधा प्रकार) घ्या, फँटम पॉवर, म्हणजे माइकला केबलमधून द्यावी लागणारी वीजसुद्धा लागत नाही. माझा कंडेन्सर सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात असतो, तरी जुलैत चरचरतो.

वायरमन: ताई, चरचर वेगळी, घूं वेगळं. आपली वीज ५० हर्ट्झची, तिचं घूं ५० नाहीतर १०० वर ऐकू येतं. चार्जर काढून एक टेक घ्या. गेलं तर माइक निर्दोष.

जुनाट_टेप: डेमोला एवढं कशाला? दशावतारात पायपेटी, मृदंग, झांज एवढ्यावर रात्र निघते. मोबाइल समोर ठेवा आणि गा. ऐकणारा चाल नि शब्द ऐकतो.

सुरंगी: तो समोर बसलेला असतो तेव्हा. फाइल ऐकणारा धृपदाआधीच बंद करतो.

पुणेकर_नवा: पाठवण्याआधी कॉपीराइट बघा. १९५७ च्या कायद्याने गाणं लिहून ठेवलं की हक्क तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. तरी तारखेसकट मेल स्वतःला करून ठेवा.

खाडीकाठी: हे विचारलंच नव्हतं. असो. वायरमन, चार्जर काढला, घूं गायब! पण लाइट गेली की इन्व्हर्टर, आणि बॅटरी एका गाण्यात मान टाकते. कायमचा उपाय?

गिटारवाला: सोपं आहे. चार्जरच्या थ्री-पिनची जाड पिन मोडा. मी तेच केलंय.

वायरमन: अजिबात मोडू नका!! ती अर्थिंगची पिन आहे. ओल्या भिंती, ओली जमीन, हातात गिटारच्या तारा, ओठ माइकला. घूं जाईल, सोबत तुम्हीही. जुन्या घरांत कधीकधी सॉकेटला तिसरं भोक असतं, मागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. जांभ्यात अर्थिंगचा खड्डा नीट नसेल तर अर्थ नीट मिळत नाही. तोवर लॅपटॉप आणि इंटरफेस एकाच बोर्डावर ठेवा, गाताना चार्जर काढा, दोन टेकांच्या मध्ये लावा.

गिटारवाला: मला आजवर काही झालं नाही.

वायरमन: सगळे तेच म्हणतात.

खाडीकाठी: भांडू नका. इलेक्ट्रिशियन सोमवारी येतो म्हणाला, म्हणजे शनिवारचं बॅटरीवरच. आता दुसरं: पेटी आणि गिटार जुळत नाहीत. ट्यूनर बरोबर दाखवतोय.

जुनाट_टेप: पेटी कितीची आहे?

खाडीकाठी: आजोबांची. काळी एक.

जुनाट_टेप: पट्टी नाही विचारली. जुन्या पेट्या ट्यूनरच्या मापावर, म्हणजे ४४० हर्ट्झवर, असतीलच असं नाही. पेटीच्या स्वरपट्ट्या घासायला कारागीर लागतो, गिटारच्या खुंट्या तुमच्या हातात आहेत. ट्यूनर बाजूला ठेवा, पेटीचा सा धरा आणि गिटार त्याला लावा.

फणसगर: बांगडो मिळता काय रे थंय?