मदत हवी आहे: नुसत्या बिअरने तोंडाचा कॅन्सर होतो का? हो की नाही तेवढंच सांगा

गल्लीतला_गणू:
भावोजी ऐकत नाहीयेत. डेंटिस्ट म्हणाला गालाच्या आतली बायोप्सी करून घ्या, तर हे म्हणतात मी आयुष्यात तंबाखू खाल्ली नाही, सिगरेट ओढली नाही, मला कशाला कॅन्सर होतोय, दारूने लिव्हर जातं तोंड नाही जात. ताई रडतेय, आईचे मला फोनवर फोन. हो की नाही ते सांगा, त्यांना दाखवायचंय. अर्जंट.

निशिगंध:
वय? गालात नक्की काय आहे, जखम की चट्टा की गाठ? कधीपासून? पितात किती?

गल्लीतला_गणू:
वय ४८. पांढरा चट्टा आहे, मधे लालसर, तिखट खाल्लं की झोंबतं. गणपतीच्या आधीपासून आहे. पितात नॉर्मल, सगळे पितात तेवढंच.

खाडीकाठचा:
बिअर बंद करून व्हिस्की घ्यायला सांगा, भरपूर पाणी घालून. बिअरमधे केमिकल मारतात. मी कॉलेजपासून घेतोय, ठणठणीत आहे. आणि थोडी घेतलेली हार्टला चांगलीच.

दातांची_ताई:
@खाडीकाठचा कृपा करून असले सल्ले देऊ नका. बिअर की व्हिस्की याने फरक पडत नाही, पोटात अल्कोहोल किती गेलं ते महत्त्वाचं. ३० मिलीच्या पेगमधे साधारण १० ग्रॅम असतं आणि ८ टक्केवाल्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४० च्या आसपास, म्हणजे एक बाटली चार पेगची झाली. दारूचं शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, तोंडातले जंतूसुद्धा लाळेत ते बनवतात, आणि ते पेशींच्या डीएनएची वाट लावतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने दारूला १९८८ मधेच पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या, तंबाखूही त्याच गटात आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, सगळ्याला धोका. आणि २०२३ मधे संघटनेने सरळ सांगितलं की अमुक इतकी दारू सुरक्षित असं काही नाही, त्यामुळे ते हार्टचं राहू द्या. गणू, तुमचं उत्तर हो. पण भावोजी सुपारी खातात का?

गल्लीतला_गणू:
सुपारी कोण नाही खात? जेवण झालं की गोड सुपारीची पुडी, कामावर पानमसाला. त्यात तंबाखू नसते, पाकिटावर लिहिलेलं असतं. मी दारूचं विचारलंय, विषय कुठे चाललाय.

दातांची_ताई:
विषय तिथेच आहे हो. बिनतंबाखूची सुपारीही पहिल्याच गटात आहे, आणि वरून दारू असेल तर ती तोंडाच्या अस्तरातून असली द्रव्यं आत शिरायला मदत करते. सुपारीने तोंड कमी उघडायला लागतं, म्हणून त्यांना तोंड पूर्ण उघडायला सांगा, तीन बोटं उभी जातात का बघा. पांढऱ्यात लाल असलेला चट्टा घरी बसून बघत राहायचा नसतो.

गल्लीतला_गणू:
दोनच जातात. पण त्यांचा जबडाच लहान आहे असं ताई म्हणते.

चाळकरी_काका:
बायोप्सीच्या भानगडीत पडू नका. सुई लागली की पसरतो, आमच्या मजल्यावरच्या एकाचं तसंच झालं. ज्येष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या, रात्री गालाला तूप. आमच्या वेळी गिरणीतून सुटल्यावर सगळे गुत्त्यावर जायचे, कोणाला झालं होतं कॅन्सर-बिन्सर?

निशिगंध:
काका, झालं असेल आणि कळलं नसेल. तुमच्या मजल्यावरचे उशिरा गेले असतील, दोष सुईला. बायोप्सीने तोंडाचा कॅन्सर पसरत नाही, जागेवर भूल देऊन छोटा तुकडा काढतात आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो.

चाळकरी_काका:
तुम्हाला अनुभव नाही.

निशिगंध:
माझ्या सासऱ्यांची झालीये. आवाज बसलेला, आम्ही थंडीमुळे म्हणून हळद-दूध देत बसलो. तीन आठवड्यांवर आवाज बसलेला राहिला की कान-नाक-घसावाल्याला दाखवायचंच, हे नंतर कळलं.

परळ_नाका:
लगेच टाटाला पळायची गरज नाही. मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय आहे, नाहीतर सीएसएमटीजवळ सरकारी दंत महाविद्यालय. सकाळी लवकर जा, केसपेपरला रांग असते. डेंटिस्टची चिठ्ठी न्या.

खाडीकाठचा:
मग वाइन चालेल का? ती तर द्राक्षांची.

परळ_नाका:
🙏

गल्लीतला_गणू:
ताईला सगळ्याचे स्क्रीनशॉट पाठवले. भावोजी म्हणतात दसऱ्यानंतर बघू.

निशिगंध:
दसऱ्यानंतर कशाला? उद्या तुम्ही सुट्टी टाका आणि सोबत जा, एकटे पाठवलेत तर रांग बघून परत येतील.

चर्चगेट_फास्ट:
तो डेंटिस्ट कुठे बसतो आणि रूट कॅनलचे किती घेतो? माझी अक्कलदाढ ठणकतेय.