नवीन टँकला जुन्या फिल्टरचा मीडिया वापरला तर सायकल लवकर होते का?

गप्पीवेडा:
नमस्कार मंडळी, दोन फुटी टँक घेतलाय, साधारण ५५ लिटरचा, हँग-ऑन फिल्टरसोबत स्पंज, सिरॅमिक रिंग्ज आणि कार्बनची पिशवी असा मीडिया (फिल्टरमध्ये भरायचं सामान) आलाय. दुकानदार म्हणतो दोन दिवस पाणी फिरवा आणि मासे सोडा, पण सगळीकडे वाचतोय की सायकल व्हायला, म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये पुरेसे वाढायला, चार ते सहा आठवडे लागतात. मामाकडे कोथरूडला जुना टँक आहे, मासे ठणठणीत, ते म्हणतात माझ्या फिल्टरमधलं काहीतरी घेऊन जा. काय आणू, स्पंज, रिंग्ज की त्यांचं पाणी? मी हिंजवडीत राहतो, तोपर्यंत टिकेल का?

टँकवाला_नाशिक:
पाणी आणायची गरज नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया पाण्यात फारसे नसतात, ते चिकटून राहतात, स्पंजला, रिंग्जला, वाळूला. म्हणून मामांचा चालू फिल्टरमधला मीडियाच आणा, पण सगळा नको, पाव ते तिसरा भाग, नाहीतर त्यांचा टँक अडचणीत येईल. आणताना तो त्यांच्याच टँकच्या पाण्यात ओला ठेवा, पिशवीत हवा भरपूर असू दे आणि उन्हात गाडीत पडून राहू देऊ नका, कारण या बॅक्टेरियांना ऑक्सिजन लागतो, वाळले तर संपले. घरी पोचलात की लगेच फिल्टरमध्ये. नवीन स्पंज काढू नका, जुना त्याच्या शेजारीच ठेवा म्हणजे वसाहत पसरेल.

आणि नळाखाली धुवू नका हो, एवढं प्लीज! कॉर्पोरेशनच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. टँकच्या पाण्यातही आधी अँटीक्लोरीन घातलेलं असू दे.

शांत_पाणी:
वरच्यांशी सहमत, फक्त मामांना आधी विचारा की हल्ली व्हाइट स्पॉट किंवा दुसरा आजार झाला होता का, औषध घातलं होतं का. मीडियासोबत आजार पण येतो, आणि काही औषधं बॅक्टेरियांनाही मारतात. कार्बन सध्या बाजूला ठेवा, तो रंग, वास, औषध शोषायला बरा, पण सायकलसाठी रिंग्ज आणि स्पंज पुरेत.

गप्पीवेडा:
खूप आभार! म्हणजे मीडिया टाकला की त्याच दिवशी मासे सोडता येतील?

टँकवाला_नाशिक:
थोडे थोडे सोडता येतात, पण भरपूर नाही. आणलेले बॅक्टेरिया मामांच्या टँकमधला कचरा खाऊन जगत होते, तुमच्याकडे अमोनिया नसेल तर उपाशी राहतील, म्हणून मासे नसतील तर बाटलीतला अमोनिया थोडा घाला किंवा रोज चिमूटभर खाद्य सडू द्या. पाणी तपासायचं लिक्विड टेस्ट किट घ्या, टेस्टच्या पट्ट्यांपेक्षा भरवशाचं. अमोनिया २ पीपीएमपर्यंत (लिटरमागे २ मिलिग्रॅम) नेऊन २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की समजा टँक तयार. चांगला मीडिया असेल तर कधी हे एक-दोन आठवड्यांतच होतं, कधी जास्त लागतं, पाणी थंड असेल तर वेग मंदावतो. मग चार-पाच गप्पी, आठवडाभर टेस्ट, मग पुढचे.

शांत_पाणी:
लाइट जाते का तुमच्याकडे? फिल्टर बराच वेळ बंद राहिला की आतले बॅक्टेरिया गुदमरतात. बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा, महाग नसतो.