आक्षेपार्ह राजकीय जाहिरात दिसली तर तक्रार साईटकडेच करावी का?

कंदील

बातमी वाचायला पान उघडावं, तर मजकुराच्या मधोमध राजकीय जाहिरात: विरोधी उमेदवाराचं डोकं डुकराच्या धडावर चिकटवलेलं, नाहीतर एखाद्या समाजाला थेट 'कीड' म्हणणारी ओळ. साईटला कळवलं की ठरलेलं उत्तर येतं, 'जाहिराती आम्ही निवडत नाही, त्या आपोआप येतात.' हे उत्तर अर्धंच खरं आहे आणि तक्रार साईटकडेच गेली पाहिजे, असं माझं मत.

पान उघडलं की मोकळ्या चौकटीचा लिलाव होतो, सेकंदाच्या काही अंशात बोली लागतात आणि जिंकणाऱ्याची जाहिरात तिथे येऊन बसते. संपादकाने ती आधी पाहिलेली नसते, इथवर कबूल. पण कोणाची बोली घ्यायचीच नाही हे साईटला आधी ठरवता येतं. गूगल अ‍ॅडसेन्सच्या (साईटवर जाहिराती लावणारी गूगलची सेवा) 'संवेदनशील वर्गां'च्या यादीत राजकारण हा वेगळा वर्ग आहे, तो बंद करता येतो. एखाद्या जाहिरातदाराचा वेबपत्ता अडवता येतो. आलेल्या जाहिराती एकेक बघून रोखायचीही सोय आहे. लिलाव ज्या ओपनआरटीबी पद्धतीने चालतात, तिच्यात तर यासाठी रकानेच ठेवलेत: 'बीकॅट' म्हणजे नको असलेले वर्ग आणि 'बीएडीव्ही' म्हणजे नको असलेले जाहिरातदार. आयएबी या ऑनलाइन जाहिरात-उद्योगाच्या संघटनेच्या जुन्या वर्गवारीत राजकारणाचा क्रमांक आयएबी ११-४. कळ साईटच्या हातात आहे, पैसेही साईटच घेते, मग हात वर कसे करता येतील?

फक्त तक्रार नीट हवी. 'तुमच्या साईटवर घाणेरडी जाहिरात दिसली' एवढ्यावर कोणी काही करू शकत नाही. पानाचा पूर्ण पत्ता, तारीख, वेळ (टाइमझोनसकट), फोन की संगणक, ब्राउझर की अ‍ॅप, आणि पत्त्याची पट्टी दिसेल असा स्क्रीनशॉट द्या. जाहिरातीवर 'यांनी पैसे दिले' अशी ओळ असेल तर ती जशीच्या तशी उतरवा. मग जाहिरातीवर राइट-क्लिक करून (फोनवर बोट दाबून धरून) लिंक कॉपी करा, पण उघडू नका. त्या लांबलचक लिंकमध्ये बहुतेक वेळा जाहिरात शोधून काढायला लागणारी ओळखखूण असते. सर्वात कामाची गोष्ट हीच, आणि बहुतेक तक्रारींत नसते तीही हीच.

आडकित्ता

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

जाहिरात बनवली पक्षाने, विकली जाहिरात-कंपनीने, आणि पत्र लिहायचं बातमीच्या साईटला. साईटने तुमचं ऐकून ती रोखली, तरी काय होईल? ती एका साईटवरून जाईल आणि त्याच क्षणी हजार ठिकाणी चालू राहील. तक्रार मुळाशी करायची तर जाहिरातीच्या कोपऱ्यातली ती लहान त्रिकोणी खूण दाबा, 'ही जाहिरात कळवा' निवडा. ती तक्रार थेट जाहिरात-कंपनीकडे जाते. कंपनीला नियमभंग पटला तर जाहिरात सगळीकडूनच उतरते.

दुसरं, 'वर्ग बंद करा' ही मागणी दिसते तितकी साधी नाही. अ‍ॅडसेन्सच्या त्या राजकारण-वर्गात पक्षांच्या प्रचाराबरोबर वादग्रस्त सामाजिक प्रश्नांवरच्या जाहिरातीही येतात. म्हणजे डुकराचं चित्र गेलंच, सोबत नदी वाचवा म्हणणारी संघटना आणि पैशाअभावी फक्त ऑनलाइन प्रचार करू शकणारा अपक्षही गेला. मोठ्या पक्षाचं काही बिघडत नाही, त्याला टीव्ही आहे, फलक आहेत.

पडद्यामागे

दोघांचंही थोडं थोडं दुरुस्त करतो.

पहिलं काम, जाहिरात आली कुठून ते ओळखणं. वाटा चार.

थेट विकलेली: साईटच्या जाहिरात विभागाने करार करून घेतलेली. इथे 'आपोआप' हे उत्तर साफ खोटं. कोणीतरी ती जाहिरात पाहून मंजूर केलेली असते. मुख्य पानावर दिवसभर सगळ्यांना तीच दिसत असेल, तर शंका इकडेच घ्या. अशा वेळी त्रिकोणी खूण बहुधा नसते, म्हणजे आडकित्ता यांचा उपाय लागूच पडत नाही. साईट हाच एकमेव दरवाजा.

लिलावातली: वर कंदील यांनी सांगितली ती. एकालाच दिसते, शेजारच्याला दिसत नाही. तक्रार वाचणाऱ्याने पान उघडलं की त्याला बुटांची जाहिरात दिसते आणि तो 'आमच्याकडे तसं काही नाही' म्हणून मोकळा होतो. खोटं बोलत नसतो बिचारा. म्हणून ती कॉपी केलेली लिंक लागते. एक सावधगिरी: लिंकमध्ये 'डबलक्लिक' (गूगलच्या जाहिरात-यंत्रणेचं जुनं नाव) दिसलं म्हणजे लिलावच, असं धरू नका. थेट विकलेली जाहिरातही गूगलच्याच अ‍ॅड सर्व्हरवरून दाखवली जाते.

तिसरी, लेखाखालच्या 'तुम्हाला हेही आवडेल' छापाच्या चौकटी. त्या टबूला, आउटब्रेनसारख्या कंपन्यांच्या. अ‍ॅडसेन्समध्ये राजकारण बंद केलं तरी या चौकटींना त्याचा पत्ताही नसतो. तिथे वेगळं बंद करावं लागतं. साईट 'आम्ही बंद केलं' म्हणते आणि तरी दिसतं, याचं नेहमीचं कारण हे.

चौथी वाट कोणाच्याच ध्यानात येत नाही: साईटचा काही संबंधच नसतो. ब्राउझरमध्ये घुसलेलं एखादं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) स्वतःच्या जाहिराती पानात चिकटवतं. तक्रारीआधी तेच पान इन्कॉग्निटो खिडकीत उघडून बघा, तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. मात्र इन्कॉग्निटोत दिसली नाही एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका, कारण तिथे तुमची ओळखही बदलते आणि लिलाव वेगळा लागतो. पाचसहा असंबद्ध साईटवर नेमक्या त्याच जागी तीच जाहिरात येत असेल, तर दोष तुमच्या यंत्रात शोधा.

साईट कोणाकोणामार्फत जागा विकते हे उघड असतं. साईटच्या मूळ पत्त्यापुढे स्लॅश देऊन 'अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी' टाका (रोमन लिपीत, अर्थात). ही फाइल २०१७ पासून रूढ झाली. एकेका ओळीत विक्रेत्या कंपनीचा पत्ता, खातेक्रमांक, आणि पुढे 'डायरेक्ट' (साईटचं स्वतःचं खातं) किंवा 'रीसेलर' (मध्यस्थामार्फत विक्री). रीसेलरच्या ओळी शेकड्यांनी असतील तर समजा, साईटलाही प्रत्येक नळ कुठून येतो ते नीट माहीत नसणार.

चौकस

आणि अ‍ॅड ब्लॉकर (जाहिराती लपवणारा प्रोग्रॅम) लावला तर? एवढा खटाटोप कशाला?

आडकित्ता

लावा की. पण तो पडदा झाला, तक्रार नव्हे. आणि त्याचा फटका पक्षाला बसत नाही, साईटला बसतो, तोही न सांगता. उलट टोकाचा एक सल्लाही फिरत असतो, 'दहादा क्लिक करा, पक्षाचे पैसे जाळा.' तो तर पुरता चुकीचा. खोटे क्लिक ओळखले जातात आणि वजा होतात, साईटच्या खात्यावर संशय येतो, आणि तुम्हाला हा विषय आवडतो असं समजून तशाच जाहिराती आणखी येऊ शकतात.

मोजपट्टी

मूळ गोंधळ 'आक्षेपार्ह' या शब्दात आहे. जाहिरात-कंपन्यांच्या नियमांत आक्षेपार्ह असा गुन्हा नाही. गूगलच्या नियमांत आहे ते असं: धर्म, वंश, लिंग, अपंगत्व अशा आधारावर व्यक्तीला किंवा समूहाला हिणवणं वा भेदभावाला चिथावणं, धमकी, हादरवून टाकणारी हिंसक दृश्यं, दिशाभूल. निवडणूक-जाहिरातींसाठी शिवाय ओळख-पडताळणी, आणि नोव्हेंबर २०२३ पासून बनावट वा बदललेलं दृश्य-आवाज असेल तर तशी स्पष्ट सूचना.

या मापाने कंदील यांची दोन उदाहरणं दोन वेगळ्या खणांत पडतात. समाजाला 'कीड' म्हणणं हा नियमभंग आहे. त्रिकोणी खुणेवरून कळवा, नियमाचं नाव घ्या, जाहिरात उतरण्याची शक्यता चांगली. उमेदवाराचं डुकराचं धड म्हणजे वाईट अभिरुची, पण व्यंगचित्रात चालणारी. ती कंपनी काढणार नाही. तिथे विचारायचं ते साईटलाच, कारण साईटला नियमभंग सिद्ध करावा लागत नाही, 'आमच्या पानावर नको' एवढं पुरतं.

बाहेरच्या नियामकाकडे जाऊ म्हणणाऱ्यांनी आधी त्याचं कार्यक्षेत्र वाचावं. ब्रिटनचं जाहिरात-मानक प्राधिकरण मतदारांवर प्रभाव टाकणं हा मुख्य हेतू असलेल्या जाहिराती हाताळतच नाही. आणि अमेरिकेत उमेदवाराची जाहिरात सेन्सॉर करता येत नाही असा जो दाखला हमखास दिला जातो, तो परवानाधारक रेडिओ-टीव्ही केंद्रांसाठीचा नियम आहे. वेबसाईटला लागू नाही.

सरसकट बंदीबद्दल मात्र मी आडकित्तांच्या बाजूने. युरोपीय संघाचा राजकीय जाहिरातींच्या पारदर्शकतेचा नियम १० ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण लागू झाला, आणि गूगल आणि मेटा दोघांनीही तिथे अशा जाहिराती घेणंच थांबवलं. मेटाने तर सामाजिक प्रश्नांवरच्याही. ओल्याबरोबर सुकंही जळलं.

कंदील

ओलं-सुकं मान्य, पण मग एकेक जाहिरात अडवा म्हणायचं का? पक्ष एकाच मजकुराच्या चाळीस आवृत्त्या चढवतो. रंग बदलला, बटण बदललं, की नवी जाहिरात. साईट सकाळी एक काढते, दुपारी तिची बहीण हजर. त्यापेक्षा जाहिरातदाराचा वेबपत्ता रोखणं बरं. साईटकडे माझी मागणी तीच असेल: हा पत्ता अडवा.

पडद्यामागे

पत्ता अडवणं हा मधला मार्ग खरा, पण कुठे फसतो तेही सांगतो. अडवायचा असतो तो शेवटी जिथे पोहोचतो तो पत्ता, मधला, क्लिक मोजणारा पत्ता नव्हे. आणि जाहिरात पक्षाच्या साईटवर न नेता यूट्यूबच्या व्हिडिओवर किंवा फेसबुक पानावर नेत असेल, तर काय अडवणार? फेसबुकचा पत्ता रोखला तर तिकडे नेणारी प्रत्येक जाहिरात जाईल. पक्ष प्रत्येक मोहिमेला नवा पत्ता घेतात ती गोष्ट वेगळीच. गूगलच्या जाहिरात-पारदर्शकता केंद्रात (मार्च २०२३ पासून सुरू) जाहिरातदाराच्या नावाने शोधलं तर त्याच्या इतर जाहिराती दिसतात. त्यांतून असे पत्ते गोळा करून तक्रारीला जोडता येतात. ते वाचून साईटचं अर्ध्या तासाचं काम वाचतं, आणि काम वाचवणाऱ्या पत्राला उत्तर लवकर येतं.

वर्ग बंद करण्यातही गळती असतेच. वर्ग ठरतो तो यंत्राने ओळखल्यावर किंवा बोली लावणाऱ्याने स्वतः सांगितल्यावर. 'सर्वेक्षणात भाग घ्या' अशा रूपात आलेला प्रचार सर्रास निसटतो.

साईट वर्ग का बंद करत नाही, त्याचं उत्तर आकड्यात आहे. अ‍ॅडसेन्स त्या वर्गासमोरच अलीकडच्या कमाईतला त्याचा वाटा टक्क्यांत दाखवतं. निवडणुकीच्या आठवड्यात तो आकडा फुगलेला असतो, आणि तक्रारीही त्याच आठवड्यात येतात. शिवाय एक बोली लावणारा कमी झाला की उरलेल्यांचीही स्पर्धा कमी होते, म्हणजे जागेचा भावही उतरतो.

आडकित्ता

म्हणजे शेवटी पैशापाशीच घोडं अडलं. आणि संघटित तक्रारींचं काय? एका पक्षाच्या आयटी सेलने दुसऱ्याच्या साध्या जाहिरातीविरुद्ध एकाच मजकुराची तीनशे पत्रं पाठवली की घाबरून साईट ती काढणार. हे हत्यार तुम्ही धार लावून हातात देताय.

मोजपट्टी

म्हणूनच पत्रांची संख्या मोजू नये. स्क्रीनशॉट आणि लिंक नसलेली तीनशे पत्रं एका पुराव्याच्या पत्रापेक्षा हलकी धरायची, हे साईटने ठरवलं की त्या हत्याराची धार जाते. आणि तक्रारदारांनो, ती लिंक जाहीरपणे चिकटवू नका. तिच्यात तुमच्या भेटीचे तपशील असू शकतात. स्क्रीनशॉटमधले उघडे टॅब आणि ईमेलचा पत्ताही झाका.

चौकस

साईटने 'कारवाई केली' असं कळवलं आणि मग ती जाहिरात दिसली नाही, तर काम झालं समजायचं ना?

पडद्यामागे

नाही. एकाच माणसाला एक जाहिरात किती वेळा दाखवायची याची मर्यादा जाहिरातदार लावतो, ती भरली असेल. मोहिमेचा पैसा संपला असेल, मतदान उरकलं असेल. उलटही होतं: साईटने अडवूनही पुढचे काही तास जाहिरात दिसत राहते, बदल सगळीकडे पोहोचायला वेळ लागतो. एक पूर्ण दिवस जाऊ द्या, मग पुन्हा लिहा. आणि नुसतं 'कारवाई केली' असं उत्तर आलं तर उलट टपाली एकच विचारा: नेमकं काय अडवलंत, ती एक जाहिरात, तो पत्ता, की सगळा वर्ग? आणि लेखाखालच्या चौकटीतही?