तलवारबाजीच्या ऐतिहासिक कथांमधले सैनिक: अदब किती आणि कुठे दाखवायची?

पानगळ:
मी एक दीर्घकथा लिहितेय, काळ १६२७, आधी पॅरिस आणि मग ला रोशेल या फ्रेंच बंदराला फ्रान्सच्या राजाच्या फौजेने घातलेला वेढा. मुख्य पात्रं दोन, एक राजाचा मस्केटीयर, म्हणजे त्याच्या खास बंदूकधारी पथकातला शिपाई, आणि दुसरा राजाचा मुख्य मंत्री कार्डिनल रिशल्यू याच्या पदरचा. दोघांचं हाडवैर आहे पण मनातून एकमेकांबद्दल आदरही आहे. अडचण अशी की भेटले की हॅट काढणं, झुकणं, "महाशय आपली आज्ञा असेल तर" वगैरे लिहिलं की सगळं नाटकातल्या प्रवेशासारखं वाटतं, आणि ते काढून टाकलं की दोघं गल्लीतले गुंड वाटायला लागतात. या प्रकारच्या कथा मी लहानपणापासून वाचतेय आणि त्यातली ती ऐट, तो रुबाब हेच मला सगळ्यात जास्त आवडतं, त्यामुळे तो सोडायचा नाहीये. पण तो खरा कसा वाटेल?

तळटीप:
पानगळ, तुम्ही निवडलेल्या वर्षातच तुमचं उत्तर आहे असं मला वाटतं. १६२६ च्या फेब्रुवारीत फ्रान्सचा राजा लुई तेरावा याने द्वंद्वाविरुद्ध कडक फर्मान काढलं होतं. तरी १२ मे १६२७ ला बूतव्हिल नावाचा मोठ्या घराण्यातला सरदार मुद्दाम पॅरिसला येऊन भरदिवसा प्लास रोयालच्या चौकात लढला, तीन विरुद्ध तीन, कारण तेव्हा सोबत आलेले साथीदार नुसते बघत उभे राहत नसत तर तेही आपापसात लढायचे. त्यात समोरच्या बाजूचा बुसी दांब्वाज मेला. बूतव्हिल आणि त्याचा भाऊबंद दे शापेल पळाले, पकडले गेले, आणि बड्या बड्या लोकांनी रदबदली करूनही २२ जूनला दोघांची मुंडकी उडवली. बूतव्हिलच्या नावावर तेव्हा २२ द्वंद्वं होती असं सांगतात.

आता तुमच्या पात्रांकडे बघा. जून १६२७ नंतर कुणी कुणाला आव्हान देत असेल तर ते दोघंही स्वतःच्या मानेशी खेळतायत, मग ते रस्त्यात ओरडून भांडतील का? ते हळू आवाजात, हसतमुखाने, अगदी गोड बोलतील, कारण शेजारून जाणाऱ्याला वाटलं पाहिजे की दोन सभ्य माणसं उद्या सकाळी कुठे फिरायला जायचं ते ठरवतायत. म्हणजे अदब हा त्यांचा आडोसा आहे. असा प्रसंग लिहिलात तर एकेका "महाशय"ला धार येईल, नाटकी वाटणार नाही. वाचणाऱ्याला फक्त आधी कळलेलं असू द्या की पकडले गेले तर काय होणार आहे.

रानवाट:
तळटीप यांचा मुद्दा एकदम पटला. माझी भर एवढीच की रुबाब संवादात कमी आणि छोट्या कृतीत जास्त दाखवा. खरा मस्केटीयर दार्तान्यां घ्या, 'थ्री मस्केटीयर्स' कादंबरीतला नाही. त्याने १६६१ मध्ये राजाच्या हुकमाने अर्थखात्याचा प्रमुख फुके याला नांतमध्ये अटक केली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ त्याच्यावर पहारा दिला. १६६४ च्या नोव्हेंबरमध्ये खटल्याच्या दिवसांत फुकेला चालत परत नेत होते, तेव्हा पत्रांसाठी प्रसिद्ध असलेली लेखिका मादाम द सेव्हिन्ये आणि आणखी काही बायका मुखवटे घालून वाटेवरच्या एका घरातून त्याला बघायला थांबल्या होत्या. फुके आपल्याच विचारात. तिने पत्रात लिहिलंय की दार्तान्यांने त्याला हलकेच ढोसलं आणि बायका तिथे आहेत हे दाखवलं, मग फुकेने हसून त्यांना नमस्कार केला.

मला हा प्रसंग फार आवडतो. मागे पन्नासेक मस्केटीयर चालतायत, कैद्याचं डोकं उडेल की राहील माहीत नाही, आणि त्याला निरोपाचा एक क्षण मिळावा म्हणून पहारेकरी कोपराने खुणावतो. हुकूम मोडला नाही, पहारा ढिला केला नाही. तुमच्या मस्केटीयरला असं एखादं कोपर मारू द्या, दहा वेळा झुकण्यापेक्षा ते चांगलं.

खडूफळा:
मला थोडं वेगळं म्हणायचंय. ही सगळी अदब बरोबरीच्या माणसांसाठी होती हे विसरू नका. त्याच काळात तीस वर्षांचं युद्ध चालू होतं आणि १६३३ मध्ये जाक कालो या चित्रकाराने छापलेली चित्रं बघा, सैनिक गावं लुटतायत, शेतकऱ्यांना छळतायत, आणि एका झाडाला ओळीने माणसं लटकलीयत. तेव्हा तुमचा नायक दुसऱ्या सरदाराशी कसा बोलतो हे दाखवलंत तर आपल्या नोकराशी, खानावळवालीशी आणि साध्या शिपायाशी कसा बोलतो हेही दाखवा. अशा बऱ्याच कथांमध्ये नोकराला चापट मारणं गमतीत जातं आणि मला ते दर वेळी खटकतं. माणूस मला आवडायचा की नाही ते माझं तिथेच ठरतं.

पानगळ:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, कोपराचा प्रसंग तर डोक्यातून जाईना! नोकराचं मी खरंच वाढवणार आहे. वेढ्याबद्दल पण सांगा ना कुणीतरी, शत्रूचं शहर पडल्यावर हे लोक कसे वागायचे?

तळटीप:
दोन्ही टोकं सापडतात. ब्रेडा हे डच शहर १६२५ मध्ये पडलं तेव्हा स्पॅनिश सेनापती स्पिनोलाने आतल्या डच फौजेला शस्त्रं, निशाणं घेऊन ढोल वाजवत मानाने बाहेर जाऊ दिलं. व्हेलास्केझच्या त्या प्रसिद्ध चित्रात स्पिनोला घोड्यावरून उतरलाय आणि किल्ली द्यायला आलेल्या हरलेल्या सेनापतीच्या खांद्यावर हात ठेवून त्याला वाकू देत नाहीये. आणि ला रोशेलमध्ये १६२८ च्या ऑक्टोबरात शहर शरण आलं तेव्हा साधारण २७,००० माणसांतली ५,००० च्या आसपास उरली होती, बाकीची मुख्यतः भुकेने आणि रोगाने गेली. मुख्य म्हणजे ती सगळी वेढा घालणाऱ्या लुई तेराव्याचीच प्रजा. तुमच्या दोघांना त्या शहरात एकत्र शिरू द्या. पॅरिसमध्ये एकमेकांशी इतकं सफाईने बोलणारे हे दोघं तिथे काय बोलतील, हा माझ्या मते तुमच्या कथेतला सगळ्यात अवघड प्रसंग आहे आणि तो तुम्ही टाळू नये.

रानवाट:
हो, अगदी. आणि एक बारीकसं, त्यांना कपाळाला हात लावून सलाम ठोकायला लावू नका, तो प्रकार बराच नंतरचा. १६२७ मध्ये हॅटच काढायची. कोण आधी काढतो, कोण मुद्दाम एक क्षण उशीर करतो, यावरच अर्धं भांडण रंगवता येईल.