मदत हवी आहे: शेजारच्या गावातल्या सरकारी शाळेत मुलीचं नाव घालून घेत नाहीत

मार्कंडेयकाठ
शेजारच्या गावातल्या सरकारी शाळेत मुलीचं नाव घालायचं आहे. तिथले मुख्याध्यापक म्हणतात, तुमचं गाव आमच्या हद्दीत येत नाही, बीईओ (गट शिक्षणाधिकारी) ऑफिसचं पत्र आणा. आमच्या शाळेत म्हणतात, तिकडं घेतात असं लेखी आणा, मग दाखला देतो. शाळा सुरू होऊन नऊ दिवस झाले, पोरगी घरात बसून आहे. हद्दीचा असा नियम खरंच आहे का? असेल तर सही कुणाची लागते? माहीत असलेल्यांनीच सांगा, आणि लवकर सांगा.

पाटी_पेन्सिल
इयत्ता कुठली? माध्यम कुठलं? दोन्ही शाळा सरकारी आहेत की एखादी अनुदानित? अंतर किती? आणि दोन्ही गावं कर्नाटकातलीच ना? बाची गाव ओलांडलं की शिनोळीपासून महाराष्ट्राचा चंदगड तालुका लागतो, तिथं सगळे कागद बदलतात. हे कळल्याशिवाय काय सांगणार?

अर्जविनंती
आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांसाठी कर्नाटकात २०१९ पासून नियम बदलला आहे. परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेत त्या कोट्यातून जागा मिळत नाही. ऑनलाइन अर्ज करताना गाव किंवा वॉर्ड निवडल्यावर शाळांची यादी येते, त्यात नाव नसेल तर अर्जच भरता येत नाही. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून) आधीच काढून ठेवा.

मार्कंडेयकाठ
खासगी शाळा मी विचारलेलीच नाही. मुलगी तिसरी पास होऊन चौथीत गेली. दोन्ही शाळा सरकारी, दोन्ही मराठी माध्यम, दोन्ही बेळगाव ग्रामीणमध्ये, वेंगुर्ला रस्त्याच्या बाजूला. अंतर तीन किलोमीटर.

पाटी_पेन्सिल
अर्जविनंती, तो कोटा फक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्गाला असतो, चौथीला नाही.
मार्कंडेयकाठ, शाळा का बदलताय तेही सांगा की. अर्जात कारण लिहावंच लागणार. तुमच्या शाळेत शिक्षक किती?

मार्कंडेयकाठ
पहिली ते पाचवी मिळून सतरा मुलं. कागदावर दोन शिक्षक, त्यातले एक दुसऱ्या शाळेत डेप्युटेशनवर. उरलेल्या बाई पहिली ते तिसरीची नलिकली, म्हणजे तिन्ही वर्ग एकत्र बसवून शिकवायची पद्धत, एका खोलीत घेतात. चौथी-पाचवी शेजारच्या खोलीत फळ्यावरचं उतरवत बसते. बाईंनी आहाराचं आणि मीटिंगचं काम सांभाळून शिकवायचं कधी? दुसरी शाळा सातवीपर्यंत आहे, तिथं पाच शिक्षक आहेत.

हजेरीपट
ही माहिती पहिल्याच पोस्टमध्ये हवी होती, सगळं उत्तर त्यातच आहे.

आधी हद्दीचं. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत परिसराचं अंतर ठरलेलं आहे: पहिली ते पाचवीला एक किलोमीटर, सहावीपासून तीन किलोमीटर. पण ते बंधन सरकारवर आहे, की एवढ्या अंतरात शाळा असलीच पाहिजे. त्यापलीकडच्या सरकारी शाळेत मुलानं जाऊ नये, असा त्याचा अर्थ होत नाही. उलट कलम ५ प्रमाणे कुठल्याही कारणानं शाळा बदलायची असली तर दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचा मुलाला हक्क आहे. त्याच कलमात पुढं आहे की मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश नाकारायचा नाही, लांबवायचाही नाही. दाखला अडवणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. वर्ग सुरू झाल्यावर आलेल्या मुलालाही नाकारता येत नाही, ते कलम १५. तेव्हा कायद्यानं दोघांचंही म्हणणं चुकीचं आहे.

आता ते अडवतात का, तेही समजून घ्या, म्हणजे बोलणं सोपं जाईल. सतराची सोळा झाली की तुमच्या शाळेतल्यांना हेच्चुवरीची (जादा शिक्षक ठरण्याची) धास्ती. पटसंख्या घटली की जादा ठरलेला शिक्षक उचलून दुसरीकडं टाकतात. नव्या शाळेची अडचण वेगळी. जुन्या शाळेनं एसएटीएसवर (कर्नाटकाची विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद) दाखला काढल्याशिवाय मुलगी त्यांच्या यादीत चढत नाही, आणि यादीत नसलेल्या मुलाचा आहार, दूध, गणवेश कशात दाखवायचा? शिवाय शेजारच्या गावची पोरं पळवली, हा आरोपही त्यांना नको असतो.

तोंडी बोलणं थांबवा. आजच्या तारखेचा अर्ज जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या नावे दोन प्रतींत लिहा. त्यात मुलीचं नाव, इयत्ता, एसएटीएस क्रमांक, यूडायसचा (देशभरच्या शाळांची ऑनलाइन नोंद) पेन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायम क्रमांक, आणि 'कलम ५ नुसार दाखला मिळावा' एवढी एक ओळ. एका प्रतीवर तारीख, शिक्का आणि सही घ्या. घेतच नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा. पोच मिळालेली ती प्रत जोडून नव्या शाळेत प्रवेशाचा अर्ज द्या. त्याचीही पोच घ्या. दोन्ही शाळांच्या क्लस्टरचे (शाळागटाचे) सीआरपी, म्हणजे गटावर देखरेख करणारे शिक्षक, वेगळे असतील तर दोघांना एकेक प्रत. एवढं झाल्यावर बीईओंकडं जायचं ते 'परवानगी द्या' म्हणून नाही, 'दाखला मिळालेला नाही' म्हणून. परवानगी मागितली की फाईल तयार होते, आणि फाईल बसते.

पाठ्यपुस्तकांचा संच मिळाला असेल तर तो घेऊनच जा. पुस्तकांची मागणी आधीच्या पटावर नोंदवलेली असते, नव्या शाळेत चौथीचा मराठीचा जादा संच असेलच असं नाही.

शिनोळी_फाटा
एवढा ताप कशाला? महाराष्ट्राच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घाला. पुढं सातवीपर्यंत चिंता नाही आणि पुस्तकं सगळी मराठीत.

खानापूरवाट
पुस्तकं इथंही मराठीतच मिळतात, कर्नाटकाचं पाठ्यपुस्तक मंडळ छापतं. राज्य बदलताना काय काय सुटतं ते सांगितल्याशिवाय असा सल्ला देऊ नका, शिनोळी_फाटा.

नवोदय घ्या. सहावीच्या परीक्षेसाठी मूल त्या जिल्ह्याचं रहिवासी पाहिजे आणि पाचवीही त्याच जिल्ह्यातल्या शाळेत पाहिजे. घर बेळगाव जिल्ह्यात, पाचवी कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे कोथळीच्या नवोदयला चालत नाही आणि कोल्हापूरच्यालाही नाही.

कर्नाटक सीईटीच्या मुख्य कलमात पहिली ते बारावीतली किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेलं लागतं, शिवाय दहावी किंवा बारावी इथून पास. हिची तीन झाली. चौथी ते सातवी तिकडं करून आठवीला परत आली तर तीन अधिक पाच, आठ होतात, निभावतं. पण दहावीपर्यंत तिकडंच राहिली तर पाचच भरतात. आणि ग्रामीण कोट्याच्या १५ टक्के जागांना पहिली ते दहावी पूर्ण दहा वर्षं कर्नाटकातल्या ग्रामीण भागातल्या शाळेत पाहिजेत. एक वर्ष जरी तिकडं गेलं तरी तो कोटा गेला.

कन्नडचंही बघा. २०१५ च्या कायद्यानं इथं कन्नड पहिलीपासून आहे. चार वर्षं तिकडं काढून आठवीत परत आलं की कन्नडचं पुस्तक एकदम आठवीचं हातात पडतं. बाकी विषयांत हुशार असलेली मुलंही तिथं अडकतात.

शिनोळी_फाटा
महाराष्ट्र दावा सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंग-मेडिकलला वेगळी सोय आहे, ते का नाही सांगत?

खानापूरवाट
आहे, आणि ती घ्यावीच. पण तिच्यासाठी सीमाभागातल्या शाळा-कॉलेजातून दहावी किंवा बारावी झालेली चालते आणि मातृभाषा मराठी लागते. म्हणजे इथं शिकूनच ती मिळते, चौथीत शिनोळीला जायची गरज नाही.

गावची_शाळा
सगळे बाहेर कसं पडायचं तेवढंच सांगताय. सतरा मुलांतली पाच गेली की उरलेल्या बाराचं काय? त्यांच्या घरी तीन किलोमीटर सोडायला गाडी नाही. कायद्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत. म्हणजे तुमच्या शाळेत आज एक शिक्षक बेकायदा कमी आहे. एसडीएमसीची (शाळेच्या पालक समितीची) बैठक लावा, डेप्युटेशन रद्द करा असा ठराव घ्या, हजेरीपत्रकाची झेरॉक्स जोडा, बीईओंना द्या. ठरावात 'शिक्षक द्या' असं मोघम लिहू नका. जागा भरलेली दिसते म्हणून अतिथी शिक्षकही मिळत नाही, तो रिकाम्या जागेवर देतात. ज्यांचा पगार आपल्या शाळेच्या नावावर निघतो त्यांना परत पाठवा, असं स्पष्ट लिहा.

हजेरीपट
हा मुद्दा बरोबर आहे आणि महत्त्वाचा आहे. पुस्तकं, गणवेश, दूध, अंडी दोन्ही शाळांत सारखीच. फरक आहे तो शिक्षक वर्गात असण्या-नसण्याचा. पण दोन शिक्षक परत आले तरी दोघांत पाच इयत्ताच राहतात. आणि पाचवीनंतर त्या मुलीला तसंही दुसऱ्या गावाला जावंच लागणार. ठरावाची वाट बघत चौथीचं वर्ष घालवा, असं मी कुठल्याच आईबापाला सांगणार नाही. दोन्ही कामं एकाच वेळी करता येतात.

गावची_शाळा
पट कमी झाला की ठरावाला कोण विचारतंय? तुम्ही दोन्ही म्हणता, प्रत्यक्षात पहिलंच होतं.

सीमातपस्वी
मूळ दुखणं १९५६ चं आहे. मराठी शाळांना शिक्षक नाही, अर्ज कन्नडमधून मागतात. २००४ पासून सीमावादाचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे, तो सुटल्याशिवाय

पाटी_पेन्सिल
सीमातपस्वी, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथं मीही लिहितो. इथं पोरगी नऊ दिवस घरात आहे. अर्जाच्या भाषेचं मात्र उपयोगाचं आहे: अर्ज मराठीत लिहा आणि खाली त्याच कागदावर कन्नडमध्ये चार ओळी. 'भाषांतर करून आणा' म्हणून परत पाठवायला जागा राहत नाही. आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.

मार्कंडेयकाठ
अर्ज दिला, पोच मिळाली. कलम लिहिलेलं बघून गुरुजी म्हणाले, परवा दाखला काढतो. नव्या शाळेनंही अर्ज ठेवून घेतला आणि उद्यापासून वर्गात बसवा म्हणाले. डेप्युटेशनच्या ठरावाचं मी एसडीएमसीच्या अध्यक्षांशी बोललो आहे, पालक म्हणून सही करीन, पोरगी तिथं नसली तरी. आता बसचं. सकाळची गाडी साडेआठला जाते, पुढची अकराला. मुलीला तिकीट लागतं का?

खानापूरवाट
मुलींना वायव्य परिवहनच्या साध्या गाडीत कर्नाटकात फुकट आहे, शक्ती योजनेत. आधार कार्डावर कर्नाटकातला पत्ता पाहिजे. वेळेसाठी शाळेच्या लेटरहेडवर डेपो मॅनेजरला पत्र द्या, त्यात कुठल्या थांब्यावरून किती मुलं चढतात ते आकड्यात लिहा.

हजेरीपट
मार्कंडेयकाठ, परवा दाखला काढायच्या आधी शाळेत पंधरा मिनिटं बसा. एसएटीएसवर आणि यूडायसवर मुलीचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव आधारप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. मराठी नाव इंग्रजीत लिहिताना एखादा ए जास्त, एखादा एच कमी, असं नेहमी होतं. दाखला निघाल्यावर जुन्या शाळेनं यूडायसवर मुलीला ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्यांच्या यादीत) टाकायचं असतं. नवी शाळा तिथून पेन क्रमांक आणि जन्मतारीख घालून तिला उचलते. जन्मतारीख चुकलेली असली तर ती सापडतच नाही. मग दुरुस्तीसाठी पुन्हा जुन्या शाळेत आणि तिथून बीईओ ऑफिसात. जन्मदाखल्याची झेरॉक्स बरोबर असू द्या.